पान्हा चोरणारी

"आमची हरणी चोरटी हाय," असं आजी आल्यागेल्याला सांगायची. सांगताना चेहरा असा, की जणू नातवाचा पहिला नंबर आलाय.

हरणी म्हणजे आजोळची खिलार गाय. माणदेशात खिलार पाळतात ती मुख्यतः बैलांसाठी. लांब शिंगं, ताठ मान, चालणं पाटलीणबाईंचं आणि दूध जेमतेम. त्या जेमतेमातलंही ती चोरायची. वासरू सोडलं, त्याने चार ढुसण्या दिल्या, सड भरले, की त्याला ओढून बाजूला बांधायचं आणि आजी चरवी गुडघ्यांत धरून बसायची. पहिली धार सुरेख वाजायची. मग मध्येच बंद. कास चाचपावी तर अजून जड! आजी तिच्या मांडीवर थाप मारायची, "ठेवलंस ना लेकीला?" आणि निमूटपणे वासरू पुन्हा सोडायची.

मला वाटायचं, ही आजीची हौस. गाय कुठे चोरी करते? पण पुढे वाचनात आलं, की कासेत दूध तयार असलं तरी त्यातलं बरंचसं आतल्या बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. नुसत्या पिळण्याने ते येत नाही. वासराची ढुसणी बसली, ओळखीचा हात लागला, कधीकधी तर चरवीचा आवाज कानावर पडला तरी पुरतं. मेंदूकडून ऑक्सिटोसिन सुटतं, रक्तातून कासेत येतं, पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली उतरतं. हाच पान्हा. गाय बिथरली की मात्र अ‍ॅड्रेनलिन त्याला आडवं येतं.

यावरचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. इली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी तो १९४१ साली छापला. गायीला घाबरवायचं कसं? तर त्यांनी तिच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. पुढे मांजराची गरज नाही असं लक्षात आलं, म्हणून त्याला सुट्टी मिळाली. गंभीर शास्त्रीय लेखात हे सगळं गंभीरपणे लिहून ठेवलंय. दोन शिकलेले पुरुष गोठ्यात पिशव्या फोडतायत हे आजीला सांगितलं असतं, तर तिने त्यांना आधी चहा पाजला असता आणि मग गोठ्याबाहेर काढलं असतं.

पण हरणी आजीला कुठे घाबरत होती? आजीचा हात लागला की ती डोळे अर्धे मिटून रवंथ करायची. तरी दूध अर्ध्यातच थांबायचं आणि वासराने तोंड लावलं की पुन्हा यायचं. त्यातही मेख अशी, की धारेच्या शेवटी येणारं दूध सगळ्यांत दाट, सायीचं. म्हणजे पाणचट आम्हाला आणि मलई लेकीला. याला चोरी म्हणायचं की शरीराचा नुसता व्यवहार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शास्त्रज्ञ 'चोरी' हा शब्द वापरणार नाहीत. तरी केंब्रिजच्या हेगन आणि ब्रूम यांनी २००४ साली कालवडींना कळ दाबून फाटक उघडायला शिकवलं, तेव्हा जमल्याच्या क्षणी काहींच्या छातीचे ठोके वाढले आणि त्या खाण्याकडे उधळत गेल्या. काही न करता ज्यांचं फाटक उघडत होतं, त्यांच्यात तसं दिसलं नाही. साधल्याचा आनंद गुरांनाही होत असावा, एवढं तरी यातून म्हणायला हरकत नाही. मग चोरी साधल्याचा का नसावा?

आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठवडाभर पुण्याला होती. धारेला मामा बसला. पहिल्या दिवशी चरवी लवंडली. दुसऱ्या दिवशी मामाने मागचे पाय बांधले, तर हरणीने शेपटीचा फटकारा तोंडावर दिला. तिसऱ्या दिवशी तो आजीचं लुगडं पांघरून गेला. हरणीने पदर हुंगला, एकदा मामाकडे पाहिलं आणि शेण टाकलं. संध्याकाळी फोनवर आजी ओरडून विचारत होती, "देती का गं?" मामीने फोन गोठ्यात नेऊन स्पीकरवर धरला. "हरणेऽ," आजीचा आवाज आला. हरणीचे दोन्ही कान वळले. तिने फोन हुंगला, मग फोनमागची भिंत हुंगली, मग दाव्याला हिसका देऊन दाराकडे तोंड केलं आणि हंबरली. दूध मात्र थेंबभर नाही. मामाने चरवी पालथी घातली आणि आठवडाभर दुकानातली पिशवी आणली. वासराची मजा झाली. बघता बघता अंगावर तकाकी चढली.

आजी आली ती काळा चष्मा लावून, अंगाला औषधाचा वास. हरणीने फुस्स करून पाऊल मागे घेतलं. आजी दारातच थांबली. "काय गं, वळकीना व्हय?" म्हणाली. हरणीने मान लांब केली आणि खरखरीत जिभेने तिचा हात कोपरापर्यंत चाटला. मामाने चरवी पुढे केली. आजीने वासरू सोडलं, ओढलं, बसली. पहिल्या धारा रिकाम्या भांड्यात टणटणल्या, मग आवाज भरीव झाला. अर्ध्यावर आल्या आणि थांबल्या.

"ठेवलंस ना," आजी म्हणाली आणि चरवी उचलली.