कोथरूडमध्ये भाड्याचं घर: सगळं जुळलं, अंगठा सोडून

घर कसं शोधायचं हे सगळे भरभरून सांगतात. करार नोंदवताना काय होतं ते मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि माझा सगळा वैताग तिथेच झाला. म्हणून शोधाचं आधी उरकून टाकते.

आम्ही पुण्यात कोथरूड, कर्वेनगर आणि बावधन असं बघत होतो. जाहिरातीतल्या भाड्यावरून तुलना करायला जाऊ नका. बावधनचा फ्लॅट 22,000 ला होता, कोथरूडचा 24,000 ला. पण बावधनला मेंटेनन्स आमच्या गळ्यात, पार्किंगचे वेगळे आणि उन्हाळ्यात टँकर. टँकरचं ब्रोकर बोलला नाही, वॉचमनने सांगितलं. वॉचमनशी पाच मिनिटं गप्पा माराच. सगळं मिळवल्यावर कोथरूडच स्वस्त पडत होतं, शिवाय वनाजचं मेट्रो स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ. ‘साडेआठशे स्क्वेअर फूट’ हा आकडा बहुतेक वेळा सुपर बिल्टअपचा असतो, त्यात जिन्याचाही वाटा आला. आम्ही सरळ टेप घेऊन जायचो. पलंग आणि कपाट बसतंय ना, एवढं कळलं की पुरे.

तर कोथरूडचा फ्लॅट ठरला. जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. मालकीण आजी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात पण बोलणं खणखणीत. मेंटेनन्स त्या भरणार, डिपॉझिट 60,000. इथपर्यंत सगळं लोण्यासारखं.

मग करार करून देणारा एजंट आला. पहिलंच वाक्य: “मॅडम, अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी करून टाकू.” म्हणजे नुसता नोटरीचा शिक्का, नोंदणी नाहीच. हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल, म्हणून नीट सांगते. नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यावरून ही अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 आहे. त्यानुसार लीव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देताना करतात तो नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पुढे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मी हे आजींसमोरच वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, “म्हणजे उद्या तू म्हणालीस की भाडं दोन हजारच ठरलं होतं, तर मी बसले बोंबलत! नोंदव बाई.” एजंटचा चेहरा पडला.

खर्चाचा बाऊ करतात तेवढा तो नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेल्या व्याजावर, 0.25 टक्के. आमचं 11 महिन्यांचं भाडं 2,64,000, व्याज 5,500, म्हणजे शुल्क सातशेच्या आत. शहरात नोंदणी फी 1,000. याच्या वरचं जे काही एजंट सांगेल त्याचा हिशेब कागदावर मागा.

आता अंगठा. ऑनलाइन नोंदणीत एजंट छोटं यंत्र घेऊन घरी येतो, आधारशी तुमचं बोट जुळवतो, फोटो काढतो आणि काम संपतं. माझं लगेच झालं, नवऱ्याचंही. आजींचं होईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, ओल्या फडक्याने पुसून, क्रीम लावून, घासून. दरवेळी लाल अक्षरं. वयानुसार बोटांवरच्या रेषा पुसट होतात, त्यात आजींनी आयुष्यभर भांडी घासलेली. एजंट त्यांचं बोट यंत्रावर असं दाबत होता की मलाच राहवलं नाही. “दादा, हळू.” तर म्हणतो, “मी काय करू, आजींचं बोटच खराब आहे.” आजी ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होत्या ती मी विसरणार नाही.

तो गेला तो “सर्व्हर स्लो असेल, उद्या येतो” म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन उचलेना. मग “आधार अपडेट करून घ्या”. आधार केंद्रावर रिक्षाने नेऊन आजींचे ठसे नव्याने दिले, पण अपडेट व्हायला वेळ लागतो आणि झालं तरी पुसट रेषा पुसटच. (आधारचं बायोमेट्रिक लॉक नाही ना, हेही बघा. आजींचं नव्हतं, पण काहींचं असतं आणि सगळे बोटालाच दोष देत बसतात.) इकडे मला ऑफिसात पत्त्याचा पुरावा द्यायचा होता आणि एजंटचं पालुपद एकच: “घाई कशाला, सही केल्यापासून चार महिने असतात नोंदणीला.” असतात. पण ते चार महिने मी पत्त्याशिवाय काढायचे होते, त्याने नाही.

शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे जिथे दस्त नोंदवतात तिथे, मी स्वतः जाऊन विचारलं. खिडकीवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “मग इथे आणा ना त्यांना.” एवढंच! कार्यालयात समोर नोंदणी केली की ओळखीला दोन साक्षीदार लागतात आणि ठसा नुसता घेतात, आधारशी जुळण्यावर अडत नाही. एजंटला हे माहीत नसणार असं मला वाटत नाही. कार्यालयात यायचं तर त्याचा अर्धा दिवस जातो, इतकंच.

आजींना अजिबात हलता येत नसतं तर गृहभेटीचा अर्ज करता येतो, आजारी किंवा अपंग व्यक्तीसाठी अधिकारी घरी येतात. नाहीतर मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आजींच्या वतीने सही करायचा अधिकार. आजींनी दोन्ही धुडकावलं. “मी येते. बघू दे त्यांना माझं बोट.” तीन मजले उतरल्या, टोकन घेऊन जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाकावर बसल्या, शेजारच्या माणसाला त्याच्या खरेदीखताबद्दल सल्ला दिला. नंबर आल्यावर फोटो, ठसा, सही, झालं. इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा उतारा) हातात आला तेव्हा मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

तेव्हा मालक वयस्कर असतील तर टोकन रक्कम देण्याआधीच बोट लागतंय का, ते विचारून घ्या. लाजू नका.

अजून एक राहिलं, खरं तर हे शोधताना सांगायला हवं होतं. कोथरूडच्या जुन्या सोसायट्या धडाधड रिडेव्हलपमेंटला जातायत. सोसायटीच्या समितीत बोलणी कुठवर आलीत ते विचारा आणि करारात दोन्हीकडून किती नोटीस लागेल ते लिहून घ्या. आमच्याकडे आजींनीच घातलं: दोन महिने. आणि चावी घेताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, मागची महावितरणची बिलं मालकाकडून भरून घेऊनच सामान हलवा.