मेणाचा हात, मेणाचा पाय

आषाढात जसे पंढरपूरला निघतात, तसे आमच्याकडे नोव्हेंबर सरता सरता जुन्या गोव्याला निघतात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोंयच्या सायबाचं फेस्त. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. बेळगावहून, कारवारहून, आमच्या सिंधुदुर्गातून लोक चालत येतात. सावंतवाडीकडून निघालं की इन्सुली, बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, पणजी अशी वाट. ६५-७० किलोमीटर, आणि बहुतेक महामार्गाच्या कडेने. शेतं, ओढे, झाडाखाली विसावा असलं फारसं काही मनात धरून येऊ नये. कानाशी ट्रक असतो. पुढे क्रूस, मागे पाणी आणि अंथरुणं घेतलेला टेम्पो, मध्ये रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणत आम्ही.

मी गेले ते २०२४ साली. सायबाचं जपून ठेवलेलं शव दर्शनासाठी खाली आणतात ते दहा वर्षांनी येणारं शवप्रदर्शन त्या वर्षी होतं, २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी, त्यामुळे गर्दी नेहमीहून जास्त. जायचं माझ्या मनात नव्हतं. आत्याने माझं नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

माझा घटस्फोट झाला होता. कारणं इथे सांगत नाही, ती कोर्टात सांगून झाली आहेत. माहेरी परत आले तेव्हा रडू वगैरे फार आलं नाही. झालं ते वेगळंच. रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे फादर देतात त्या भाकरीची रांग लागली की बसून राहायचे. ‘कोर्टाने मोडलं म्हणून देवाकडे मोडत नाही, आता तुला प्रसाद चालायचा नाही,’ असं वडीलधाऱ्या बायकांनी सांगितलं होतं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही कोणीतरी असंच सांगितलेलं असणार. पण लहानपणापासून ज्या घासासाठी उठून उभी राहत आले, तोच बंद झाल्यावर माणूस आतून कसा वाळत जातो ते सांगता येत नाही. नवरा गेल्यापेक्षा ते जास्त लागलं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण तसंच होतं.

बांद्याच्या पुढे माझ्या टाचेला फोड आला. आत्याने सुईत दोरा ओवून तो फोडला, दोरा आतच ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. वर म्हणाली, “आता बसा नको. बसलंस की पाय उठूचे नाय.” आत्या साठीच्या पुढची. गुडघे वाजतात, तरी माझ्या पुढेच. आमच्या घोळक्यात दोन हिंदू कुटुंबंही होती. त्यातल्या एका वहिनींचा नवस होता, लेकाच्या पायाचा. आमच्या भागात याचं कोणाला नवल नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातातच. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असं लोक मानतात. वहिनींना रोजरी येत नव्हती, त्या आपल्या गजर करत चालल्या होत्या. कोणी हटकलं नाही.

पणजीपासून रायबंदरपर्यंतचा जुना बांध मात्र मला आवडला. पोर्तुगीजांनी तो १६३३-३४ च्या सुमारास बांधला. तीन किलोमीटरच्या वर सरळ रस्ता, एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरांचं सपाट पाणी. रोजरीचा आवाज आपोआप खाली आला. सगळेच दमले होते म्हणा.

जुन्या गोव्यात शिरलं की आधी बाजार. खाजें, चणे, मेणबत्त्या, आणि मेणाचे अवयव. हात, पाय, डोळे, काळीज, तान्हं बाळ, घरसुद्धा. ज्याचं जे दुखतं ते घ्यायचं आणि सायबाकडे ठेवायचं. वहिनींनी पाय घेतला. विकणारी माझ्याकडे वळली, “कितें दुखता, बाय?” मी नुसती बघत राहिले. काळीज घ्यावं तर ते धडधाकट होतं, घर घ्यावं तर त्या घरात मला परत जायचं नव्हतं. शेवटी साधी मेणबत्ती घेतली. तिने सुटे पैसे नाहीत म्हणून कुरकुर केली.

मग कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला गेले. मराठी समजणारे फादर शोधले. वाटेत जुळवलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, की घटस्फोट झालाय, प्रसाद घेत नाही.

“दुसरं लग्न केलंय?”

“नाही.”

“कोणाबरोबर राहता?”

“आईबाबांबरोबर.”

“मग अडवलंय कोणी?”

मी सांगितलं कोणी अडवलंय. ते रागावले नाहीत. नुसता कोर्टाचा घटस्फोट झाला म्हणून प्रसाद बंद होत नाही, चर्चचा नियमच तसा आहे, म्हणाले. प्रश्न येतो तो पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीने उभं असताना दुसरं केलं तर. ते लग्न मुळातच ग्राह्य होतं का, हे तपासून हवं असेल तर धर्मप्रांताच्या, म्हणजे चर्चच्याच न्यायालयाकडे अर्ज करता येतो. पूर्वी तिथे दोन निकाल जुळावे लागत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ते बदललं, आता एक पुरतो. प्रायश्चित्त म्हणून एक ‘नमो मारिया’ प्रार्थना दिली. एकच. मला वाटलं होतं तास जाईल.

सायबाच्या दर्शनाची रांग लांब होती. एरवी शव बॉम जेझूच्या बासिलिकेत उंचावर असतं. शवप्रदर्शनात ते समोरच्या से कॅथेड्रलमध्ये खाली आणतात. काचेपाशी एखाददुसरा क्षण मिळतो. उजवा हात नाही, हे ऐकून माहीत होतं. तो १६१४ मध्ये कोपरापासून कापून रोमला नेला, त्याच हाताचं आणखी एक हाड मकावला आहे. चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर १५५२ मध्ये मेला, चुन्यात पुरला, मलाक्का करत इथे आला, आणि भक्तांनीच असा वाटून घेतला. लोक ज्याच्यापुढे मेणाचे हात ठेवतात, त्याचाच हात जाग्यावर नाही. मला हसू आलं. स्वयंसेवकाने पुढे सरकवलं.

त्यानंतरच्या मिस्सेत मी रांगेत उभी राहिले. फादरने भाकर मोडली, सायबाच्या माणसांत बसून मी ती खाल्ली. आत्याने बघितलं, काही बोलली नाही. बाहेर आल्यावर खाज्याचा पुडा तेवढा हातात दिला.

नवऱ्यावरचा राग गेलेला नाही. झोपही पुरती आलेली नाही, त्यासाठी सावंतवाडीत समुपदेशकाकडे जाते, आणि प्रार्थना करतेस ना मग तिकडे कशाला, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. रविवारी आता मधल्या बाकावर बसते. पहिल्यांदा उठले तेव्हा मागे कुजबुज झाली. त्यांतल्याच एका काकींनी पुढच्या आठवड्यात अंगणात गाठून हळूच विचारलं, त्यांच्या भाचीचंही तसंच आहे, तर त्या फादरांनी नेमकं काय सांगितलं? मी सगळं सांगितलं. न्यायालयाकडे अर्जाचं माझं अजून ठरत नाही. ते लग्न कधी नव्हतंच, असं कागदावर म्हणायला मन घेत नाही. भाचीने मात्र कागद मागवलेत.