गच्चीवरून शेंडेनक्षत्र

नाशिकच्या आमच्या शाळेच्या स्मरणिका समितीने आठवणी मागितल्या आहेत. मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं, ओळीने उभं राहून म्हटलेली प्रार्थना, हे बाकीचे लिहितीलच. मला शाळेच्या गच्चीबद्दल लिहायचं आहे, तेही धूमकेतू, म्हणजेच शेंडेनक्षत्रं, बघण्याची जागा म्हणून. पुढचा ठळक धूमकेतू कधी येईल ते आधी कळत नाही, पण आला की हाताशी जेमतेम दोन आठवडे असतात आणि रोजची पाऊण तासाची संधी. तेवढ्यात गच्चीची किल्ली कोणाकडे आहे हे शोधत बसलं तर धूमकेतू निघून जातो.

शाळा सुरू झाली जून 1976 मध्ये. त्याच्या तीनच महिने आधी वेस्ट धूमकेतू पहाटे पूर्वेला पंख्यासारखी शेपटी पसरून उभा होता. 1973 साली कोहौटेक धूमकेतूचा मोठा गाजावाजा होऊन फज्जा उडाला होता, म्हणून वेस्टची आगाऊ दवंडी कोणी पिटली नाही आणि बहुतेक जग झोपून राहिलं. 1986 च्या हॅलेचा बोलबाला सगळ्यांत जास्त आणि देखावा सगळ्यांत बेताचा. तरी नाशिककरांनी कुरकुर करू नये. 10 एप्रिलच्या सुमारास तो दक्षिणेला इतका खाली गेला होता की लंडनहून उगवतच नव्हता, आपल्याकडे मात्र सुमारे 23 अंश वर चढत होता. ह्याकुताके 25 मार्च 1996 ला पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरवरून गेला आणि चार-पाच दिवसांत स्वाती ताऱ्यापासून ध्रुवापर्यंत धावला. पुढच्याच वर्षी हेल-बॉप आला. मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये तो संध्याकाळी वायव्येला असायचा, कॉलेज रोडच्या दिव्यांतूनही दिसेल एवढा तेजस्वी. बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांतच हे दोन्ही यावेत, याला काय म्हणावं! जानेवारी 2007 चा मॅकनॉट भरदिवसा दिसण्याइतका उजळला, पण आपल्याकडे सूर्याच्या इतका लगत होता की मावळतीच्या उजेडात बुडाला. जुलै 2020 मधला निओवाइज आषाढाच्या ढगांनी खाल्ला. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास आला, दसरा ते कोजागरी एवढ्याच बेचक्यात.

ह्याकुताके आणि एप्रिलमधला हॅले सोडले तर हे सगळे सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या तास-दीड तासात, क्षितिजालगत बघायचे धूमकेतू. कारण सोपं आहे. धूमकेतू म्हणजे धूळ मिसळलेल्या बर्फाचा काही किलोमीटरचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि तो उजळतो. सूर्यापासूनचं अंतर निम्मं झालं तर नेहमीच्या हिशोबाने तो 3 प्रतींनी, म्हणजे सोळापट, तेजस्वी होतो (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). म्हणजे तो सर्वांत देखणा असतो तेव्हाच सूर्याच्या पदराखाली असतो. त्यामुळे दुर्बीण कोणती, हा प्रश्न दुसरा. क्षितिज किती मोकळं, हा पहिला.

नाशिक 20 अंश अक्षांशावर आहे. इथे मावळतीला गेलेली वस्तू तासाला सुमारे 14 अंश खाली उतरते, म्हणजे क्षितिजावरचा प्रत्येक अंश सव्वाचार मिनिटांचा. समजा, सूर्यास्ताच्या क्षणी धूमकेतू 15 अंशांवर आहे. आकाश पुरेसं काळवंडायला चाळीस मिनिटं लागतात, तोवर तो पावणेसहा अंशांवर आलेला असतो. त्यात शहरातून पश्चिमेकडे बघताना अंजनेरीची रांग सुमारे 2 अंश खाते, कारण ती वीसेक किलोमीटरवर असून शहरापेक्षा सातशे मीटर उंच आहे. खाली सातपूर-अंबडच्या दिव्यांचा पिवळा थर. शिवाय हवेची जाडी आहेच: 10 अंशांवर साधारण 1 प्रत आणि 5 अंशांवर 2 ते अडीच प्रती तेज हवाच गिळते. जाहीर झालेली प्रत 2 असली तरी आपल्या वाट्याला साडेचारचा धूमकेतू येतो, आणि तोही ताऱ्यासारखा एका ठिपक्यात नव्हे तर पसरलेला. 'पेपरात तर डोळ्यांनी दिसेल म्हटलं होतं' या तक्रारीचं मूळ इथे आहे.

अंधारासाठी थेट त्र्यंबकला जावं, हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा बेत संध्याकाळच्या धूमकेतूला उपयोगाचा नाही. तिथे ब्रह्मगिरी पश्चिमेची बाजू दहा-पंधरा अंश अडवतो, म्हणजे पाऊण-एक तास गेला. त्यापेक्षा दिंडोरीकडच्या माळावरून पश्चिम बरी. पहाटेच्या धूमकेतूला निफाड-सिन्नरचा सपाट पूर्वेचा भाग चांगला, फक्त उसाच्या कडेला उभं राहू नये. बिबट्याची भीती तिकडे थट्टेची नाही. चार-पाच जणांनी मिळून, गाडीजवळच थांबावं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला संध्याकाळ छान, पण थंडीतल्या पहाटे पाण्यावर धुकं साचतं.

तरी पहिली पसंती गच्चीलाच, कारण तिथे शाळेतली पोरं पाच मिनिटांत जमतात. त्यासाठी एक काम आताच करून ठेवण्यासारखं आहे: गच्चीच्या क्षितिजाचा कागद. गच्चीवर मोकळ्या जागी ऑइलपेंटने एक फुली करायची आणि सगळी मोजणी त्याच फुलीवर उभं राहून करायची. भूमितीच्या तासाला फळ्यावर वापरतात तो मोठा लाकडी कोनमापक घ्या. त्याच्या सरळ कडेला शहाळ्याबरोबर मिळणारी जाड स्ट्रॉ चिकटपट्टीने लावा आणि मध्यबिंदूतून दोरा सोडून टोकाला लोखंडी नट बांधा. सरळ कड वर धरून स्ट्रॉमधून समोरच्या इमारतीचा माथा बघायचा. नजर आडवी असताना दोरा 90 वर असतो. माथा बघताना 84 वर आला तर इमारत 6 अंश उंच. वाऱ्याने दोरा झुलतो आणि तिथेच बहुतेकांचे आकडे चुकतात. म्हणून नट जड घ्यावा आणि दोरा स्थिरावला की दुसऱ्याने तो बोटाने कोनमापकावर दाबून धरावा. दर 10 अंशांना एक मोजणी, अशा 36 मोजण्या आलेख कागदावर मांडल्या की गच्चीभोवतीची रेघ तयार होते. मोबाइल टॉवर, गुलमोहर, शेजारची नवी सोसायटी, सगळं त्यात आलं पाहिजे.

दिशेसाठी होकायंत्र वापरताना सांभाळा. नाशिकात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, पण स्लॅबमधल्या सळया आणि टाकीचा लोखंडी सांगाडा सुईला दहा-दहा अंश फिरवू शकतात. कठड्यावर ठेवून वाचलेली दिशा रद्द समजावी. रात्री ध्रुवावरून उत्तर घ्यावी हे उत्तम. ध्रुव आपल्याकडे 20 अंशांवर असतो, म्हणजे हात ताठ करून अंगठा आणि करंगळी ताणली की जी वीत होते तेवढा वर. कोनमापकाने ध्रुव मोजून 19 ते 21 च्या बाहेर आकडा आला तर स्ट्रॉ वाकडी चिकटली आहे. दिवसा खात्री करायची तर 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो, 21 जूनला त्याच्या उजवीकडे 25 अंश आणि 22 डिसेंबरला डावीकडे 25 अंश. या तीन जागा कठड्यावर रंगवून ठेवल्या तर धूमकेतूच्या दिवशी कोणालाही दाखवता येतात. हा कागद दरवर्षी नव्याने करावा लागेल, गंगापूर रोडला इमारती कशा वाढतात ते सांगायला नको.

दुर्बीण साधी द्विनेत्री पुरते, 7×50 किंवा 10×50 (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). मोठ्या दुर्बिणीत धूमकेतूचं डोकं दिसतं, शेपटी मावत नाही. 10×50 मध्ये सुमारे साडेसहा अंशांचा तुकडा एकदम दिसतो. विकत घेताना ती हातभर लांब, उजेडाकडे धरून मागच्या भिंगातलं प्रकाशाचं वर्तुळ बघा. ते स्वच्छ गोल हवं. कडा करड्या होऊन चौकोनी दिसत असेल तर आतले लोलक हलक्या दर्जाचे आहेत. नंतर दूरच्या दिव्याकडे बघून दोन डोळ्यांत दोन दिवे दिसत नाहीत ना, ते तपासा. दोन दिसले तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, तासाभरात डोकं दुखतं. दहापट दुर्बीण हातात थरथरते, म्हणून तिवईवर लावायचा कोनी ब्रॅकेट लागतोच. पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, त्यामुळे ती प्रयोगशाळेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात राहू द्या. आणि सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती डोळ्याला लावायची नाही, पहाटे सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधी बंद. इथे सूट नाही.

बघण्याच्या दिवशी ठिकाण स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीतून काढता येतं, पण त्यातली धूमकेतूंची माहिती आधी ताजी करून घ्यावी लागते. जुन्या आकड्यांवर विसंबलं तर धूमकेतू भलत्याच जागी दाखवला जातो. मग खुणेचे तारे ठरवायचे. 2024 ला शुक्र डावीकडे आणि स्वाती उजवीकडे असल्यामुळे त्यांच्या मधला पट्टा चाळला की काम व्हायचं. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास, तर पावणेसातपासून दुर्बिणीने आडव्या पट्ट्यांत चाळायला लागायचं, डावीकडून उजवीकडे, मग अर्धं दृश्यक्षेत्र खाली. शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते, म्हणून संध्याकाळी आणि पहाटेही ती वरच्या बाजूला रोखलेली असते. आडवा पांढरा पट्टा दिसला तर तो बहुतेक विमानाचा धूर. पाच मिनिटं थांबा, विमानाचा पट्टा फुगतो आणि सरकतो. त्या ऑक्टोबरात 14 तारखेच्या आसपास पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून गेली, तेव्हा सूर्याकडे रोखलेली एक बारीक उलटी शेपटीही दिसली. कक्षेत मागे राहिलेली धूळ कडेने दिसल्यामुळे तसा भास होतो.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या उजेडाने ती सगळी वाया जातात. टॉर्चला लाल पतंगी कागदाचे दोन-तीन पदर रबरबँडने लावा, संक्रांतीनंतर तो कुठेही पडलेला मिळतो. अंधूक शेपटीकडे थेट न बघता किंचित बाजूला बघितलं तर ती लांब वाटते. लांबी मुठीने मोजावी, ताठ हाताची मूठ 10 अंश, करंगळी 1 अंश.

प्रत ठरवणं हे खरं कौशल्याचं काम, आणि शाळेतल्या मुलांना ते दोन रात्रींत जमतं. धूमकेतूचं डोकं नीट फोकसमध्ये बघून त्याचं तेज आणि आकार डोक्यात ठेवायचा. मग दुर्बिणीचा फोकस बिघडवून आसपासचे तारे तेवढ्याच आकाराच्या भुरकट चकत्या होईपर्यंत पसरवायचे आणि मनातल्या धूमकेतूशी ताडून बघायचे. 2.6 प्रतीचा तारा थोडा जास्त उजळ आणि 3.5 चा थोडा मंद वाटला, आणि धूमकेतू त्या दोघांच्या अंतरात पहिल्याकडून चार दशांशावर बसला, तर प्रत 3.0. तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे घ्यावेत. डोक्यावरचा तारा घेतला तर हवेने खाल्लेलं तेज धूमकेतूच्या खात्यात उणे पडतं.

फोटोसाठी तिवई, कच्च्या स्वरूपातली (RAW) फाइल आणि हाताने केलेला फोकस. 50 मिलिमीटर लेन्सला 10 सेकंद, 24 ला 20 सेकंद. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात. बटण दाबताना हलू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर. मोबाइलचा नाइट मोड चालतो, पण चित्र 'सुंदर' करण्याची सोय बंद ठेवा, ती शेपटीला डाग समजून पुसून टाकते.

दव पडलं की भिंग रुमालाने पुसायचं नाही. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्यावी.

नोंदवहीसाठी जाड पुठ्ठ्याची हजेरीवही उत्तम. तारीख आणि वेळ जागतिक वेळेत, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून, दिवसाच्या दशांशात: 14 ऑक्टोबर, संध्याकाळी सव्वासात म्हणजे 14.57. पुढे प्रत, तुलनेचे तारे, दुर्बीण, डोक्याचा व्यास, शेपटीची लांबी आणि दिशा, शेवटी बघणाऱ्याचं नाव. अशा नोंदी स्लोव्हेनियातली एक वेधशाळा चालवत असलेल्या 'कॉब्स' या जगभरच्या नोंदसंग्रहात पाठवता येतात. 'दिसला नाही' ही नोंदही त्याच शाईने करावी, आणि कारण लिहावं: परतीच्या पावसाचे ढग, कोजागरीचा चंद्र, की टाकीच्या मागे मावळला.