अर्धा गुण

बुद्धिबळाच्या लीगमध्ये आमच्या चार पटांपैकी तिसऱ्यावर मी होते. समोरच्या संघातही एकच बाई, आणि तीही तिसऱ्याच पटावर. 'लेडीज बोर्ड' अशी कुजबुज झाली. आमचा क्रम रेटिंगनुसार लागला होता, हे सांगायच्या फंदात दोघीही पडलो नाही.

प्रत्येकीला ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला वाढीव ३० सेकंद. मी काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचाव खेळले. मधल्या डावात एक प्यादं गेलं, मग वजीर, उंट सगळं कापाकापीत संपलं. बाकीचे तीन डाव आटोपले तेव्हा आम्ही २-१ ने पुढे होतो. म्हणजे मला बरोबरी पुरेशी, तिला जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही. कप्तानाला पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढता येत नाही, पण 'बरोबरी देऊ का?' एवढं विचारता येतं. "दे," तो म्हणाला. मी चाल केली, बरोबरी विचारली, मग घड्याळ दाबलं. तिने नुसती नकारार्थी मान हलवली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

उरलं काय, तर दोघींचा एकेक हत्ती आणि तिचं एक प्यादं. अशा वेळी बरोबरी राखायची ठरलेली पद्धत, फिलिडोरचा बचाव, मला पाठ होती, पण घरी पाठ असणं वेगळं आणि घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना हात न थरथरता ती खेळणं वेगळं. माझा राजा ई८ या घरावर, तिच्या प्याद्याच्या वाटेत. हत्ती सहाव्या ओळीवर, म्हणजे तिच्या राजाला त्या ओळीत शिरता येत नाही. तिथेच मी हत्ती इकडून तिकडे सरकवत राहिले. कंटाळवाणं दिसतं, पण तेच करायचं असतं. शेवटी तिने प्यादं ई६ वर ढकललं आणि त्याच क्षणी माझा हत्ती थेट खाली पहिल्या ओळीत. आता तिच्या राजाला आडोसा नाही, मागून शहावर शह!

वाढीव ३० सेकंद असल्यामुळे शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, आणि ते कामी आलं. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, म्हणजे बरोबरीचा दावा करता येत होता. ती आणणारी चाल मी कागदावर लिहिली, पटावर न खेळता घड्याळ थांबवलं, पंचांना बोलावलं. दावा चुकला असता तर तिला दोन मिनिटं वाढवून मिळाली असती. त्यांनी कागद तपासला, चाली पुन्हा मांडून पाहिल्या आणि बरोबरी दिली. अडीच-दीड.

हस्तांदोलन झाल्यावर तिनेच मोहरी मधल्या डावातल्या स्थितीत परत मांडली. "इथे उंट मारायलाच नको होते," ती म्हणाली. खरंय, उंट राहिले असते तर माझं काही खरं नव्हतं.