म्हापशाचा शुक्रवार आणि सात सेकंद

पाच दिवसांच्या गोव्यातले साडेतीन दिवस कळंगुट-बागाकडे गेले. गर्दी इतकी, की समुद्र दिसायलाही वाट काढावी लागत होती. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लिहायचं आहे ते एका शुक्रवारच्या दुपारबद्दल. परत येऊन तीन आठवडे झाले तरी ती डोक्यातून जात नाही.

मावशी म्हापशाला राहते. तिचं आणि आईचं माहेर गिरी, तिथून तीनेक किलोमीटरवर. घरात बोलणं कोकणीतून, वाचणं मराठीतून. त्या सकाळी पेपराच्या आतल्या पानावर कोकणी चित्रपट दिनाची चार ओळींची बातमी होती. मी सहज विचारलं, 24 एप्रिलच का?

"अरे, पहिला कोकणी पिक्चर आमच्या म्हापशात लागला होता त्या दिवशी," मावशी म्हणाली, आणि बाजाराची पिशवी शोधायला आत गेली.

मी मात्र तिथंच अडकलो. 24 एप्रिल 1950. चित्रपट 'मोगाचो आंवडो', म्हणजे प्रेमाची ओढ. काढला म्हापशाच्याच जेरी ब्रागांझा यांनी आणि लागला म्हापशाच्या न्यू एल्डोराडो हॉलमध्ये. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं, मुक्तीला अजून साडेअकरा वर्षं होती. सरकारी कागद पोर्तुगीज भाषेत, आणि इथं अंधारात बसलेल्या लोकांसमोर पडद्यावरची माणसं स्वयंपाकघरात बोलतात त्या भाषेत बोलू लागली. पहिलं वाक्य ऐकलं तेव्हा हॉलमध्ये काय झालं असेल? लोक हसले असतील, की एकदम गप्प झाले असतील?

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. मानकुराद आंबे, मयड्याची केळी, मिरच्यांचे ढीग, चोरिसांच्या म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या माळा, मातीची मडकी. हा बाजार मला किनाऱ्यापेक्षा शंभर पटींनी आवडला. इथं विकणाऱ्या बायका गिऱ्हाइकाला घाई करत नाहीत, आणि नाही घेतलं तरी तोंड वाकडं करत नाहीत. तिथं मी चार जणांना विचारलं, एल्डोराडो हॉल कुठं होता? तीन वेगवेगळ्या दिशा मिळाल्या. चौथ्यानं विचारलं, ते हॉटेल का?

मला राग आला, तो त्या माणसांचा नव्हे. इथून तेरा किलोमीटरवर पणजीला 2004 पासून बहुतेक दर नोव्हेंबरात जगभरचे चित्रपट येतात. मी स्वतः त्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाला, इफ्फीला, दोनदा गेलो आहे. दोन्ही वेळा म्हापसा माझ्यासाठी फक्त बस बदलायचं गाव होतं. स्टँडवर उभा राहून मी चहा प्यायलो, आणि गोव्याचा स्वतःचा सिनेमा याच गावात सुरू झाला हे मला माहीतही नव्हतं.

मिरच्यांच्या ढिगाशी मावशी एका वयस्कर गृहस्थांपाशी थांबली. "हे आमचे ऑपरेटर," तिनं ओळख करून दिली. जसं एखाद्या गावात 'हे आमचे मास्तर' म्हणतात, तसं. बार्देशातल्याच, म्हणजे म्हापशाच्याच तालुक्यातल्या, एका थिएटरात त्यांनी आयुष्य काढलं. गोव्यात आपल्यासारखं 'टॉकीज' फारसं म्हणत नाहीत, 'सिने' हा शब्द नावाच्या आधी लागतो: सिने अलंकार, सिने लता, सिने विशांत. यांच्या थिएटरचं नाव मी लिहीत नाही. ते बंद आहे, किल्ली अजून यांच्याकडे असते, आणि त्यांना त्याचा त्रास व्हायला नको. मी एल्डोराडोबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, तो माझ्या आधीचा काळ. पण मशीन बघायचं असेल तर चला.

लोखंडी जिना, लोखंडी दार. "येयात," ते म्हणाले आणि खांद्यानं दार ढकललं. आत दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, वर धुराड्यासारखे पाइप गेलेले. प्रत्येक मशीनसमोर भिंतीत दोन चौकोनी भोकं, एक उजेडासाठी आणि एक ऑपरेटरच्या डोळ्यासाठी. भोकांवर लोखंडी झडपा. त्या कशासाठी, हे त्यांनी सांगितलं. 1950 च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आग लागली की झडपा खाली पडायच्या, म्हणजे ती हॉलमध्ये जाऊ नये. ऑपरेटर मात्र आतच. यांच्या हातात आली ती सहजी न पेटणारी फिल्म, तरी या खोलीत त्यांनी कधी विडी ओढली नाही. ज्यांच्याकडून काम शिकले त्यांची ती शिस्त होती.

उजेड कार्बनचा. पेन्सिलीएवढ्या दोन कांड्या समोरासमोर, मधल्या फटीत वीज पेटते. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, म्हणून त्या सतत पुढं सारायच्या. काळ्या काचेतून बघत राहायचं. दोन मिनिटं लक्ष चुकलं तर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात.

मग त्यांनी रिळं बदलणं करून दाखवलं. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो. त्यावर एका मशीनचा उजेड बंद, दुसऱ्याचा चालू. फिल्म नव्हती, वीज नव्हती, तरी त्यांनी डावा हात एका मशीनवर ठेवला, उजवा दुसऱ्यावर, आणि समोरच्या भोकातून अंधाऱ्या हॉलकडे बघत ओठांनी सात आकडे मोजले. मग दोन्ही हात एकदम हलले. खटका वाजला.

"खाली कुणाला कळता कामा नये," ते म्हणाले. "कळलं, तर माझी चूक."

मी आयुष्यात शेकडो चित्रपट पाहिले. तो ठिपका मी कधी पाहिला नाही. म्हणजे तेवढ्या वेळा कुठल्या ना कुठल्या खोलीत कुणीतरी हे सात सेकंद बरोबर मोजले होते. मला तिथं फार भरून आलं. ते बोलून दाखवायला नीट शब्द सुचले नाहीत, म्हणून आता लिहितो आहे. पुढं डिजिटल मशीन आली, फिल्म येणं थांबलं, आणि ही विद्या हातातच राहून गेली. त्यांचा मुलगा दुबईला आहे. शिकायला कुणी येत नाही, आणि शिकून करायचं तरी काय?

मावशी तोवर खाली जाऊन बायकांच्या बाजूच्या एका खुर्चीवर बसली होती. धुळीचा तिला त्रास होतो, तरी उठेना.

परतताना मी रिक्षा गिरीवरून घ्यायला लावली. वाटेत तिला विचारलं, आजीनं पाहिला असेल का गं 'मोगाचो आंवडो'? 1950 साली आजी पंचविशीत होती, हॉल तीन किलोमीटरवर. आजी 2009 पर्यंत आमच्यात होती. मी तिला हुमणाची कृती विचारली, जुन्या घराबद्दल विचारलं, हे कधीच विचारलं नाही. तुमच्या घरात त्या वयाचं कुणी असेल तर आजच विचारा. मला आता विचारायला कुणी उरलं नाही.

"कोण जाणे," मावशी म्हणाली. "मला ती नेत असे, सहाच्या खेळाला. सुटेपर्यंत रात्र झालेली असायची. दिवे कुठले? माडाच्या झावळीची चूड पेटवून या शेतातून घरी यायचो."

आता तिथं हमरस्ता आहे. ट्रक जात होते. मावशीनं रिक्षेबाहेर बोट दाखवलं.

"इथं बांध होता. इथवर आलं की चूड विझायला यायची. मग आई ती अशी जोरात फिरवायची, की परत पेट घ्यायची."

आणि रिक्षेत बसल्या बसल्या तिनं हात गोल फिरवून दाखवला.