वाटीचं बूड

लेकीचं थर्मो चालू आहे. म्हणजे बारावीच्या रसायनशास्त्रातलं थर्मोडायनॅमिक्स, पण सध्या आमच्या नारायण पेठेतल्या घरात हा थर्मो मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा वावरतो. रविवारी तिनं वही माझ्यापुढे सरकवली. ब्युटेनच्या ज्वलनाची उष्णता काढायची होती. तिचं उत्तर ५७५४ किलोज्यूल, आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाईडात २८७७.

"दोननं भाग," मी ऐटीत सांगितलं. ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लिहिणं तिला बरं दिसेना, म्हणून तिनं अख्खं समीकरण दुप्पट करून छान तेरा करून घेतले होते. पण ज्वलनाची उष्णता सांगायची ती एका मोलची; मोल म्हणजे डझनासारखा, रेणूंचा एक ठरावीक गठ्ठा. मी कागद ओढून उत्तर लिहून दाखवलं.

"बाबा, तू मायनस खाल्लास."

उष्णता बाहेर पडते, म्हणून उणे. हे कॉलेजातही मला कळत होतं, फक्त पेपरात आठवत नव्हतं. त्या आडव्या रेघेपायी किती अर्धे मार्क गेले, त्याची बेरीज मी कधी केली नाही.

लाज राखायला मी घरातला सिलिंडर हिशोबाला घेतला. आत गॅस १४.२ किलो. त्यात प्रोपेनही असतो, पण सोयीसाठी सगळा ब्युटेन धरला. मोलला ५८ ग्रॅम, म्हणजे साधारण २४५ मोल आणि सात लाख किलोज्यूल! आता चहाचं आधण. पाणी ३०० ग्रॅम, सुरुवातीला २५ अंश. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे ते ९८च्या आसपासच उकळतं. एक ग्रॅम पाणी एक अंश तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, म्हणून ३०० गुणिले ४.१८ गुणिले ७३, म्हणजे साडेएक्क्याण्णव किलोज्यूल. दोन ग्रॅमसुद्धा गॅस नको.

"आई, एका सिलिंडरवर साडेसात हजार आधणं होतात!"

आई वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि पातेल्याच्या कडेनं वर जाते ती आच कुठल्या रकान्यात धरलीस?"

धरलीच नव्हती. गणितात सगळी उष्णता गुपचूप पाण्यातच जाते.

मग प्रयोग करणं भागच होतं. दहा शेंगदाणे ६ ग्रॅम भरले, म्हणजे एक दाणा ०.६चा. पुडीवरच्या कॅलरींना ४.१८नं गुणल्यावर एका दाण्यात १४ किलोज्यूल निघाले. बुचात सुई, सुईवर दाणा, वर चिमट्यात धरलेली स्टीलची वाटी, आत ५० मिली पाणी आणि तिचा लॅबचा थर्मामीटर. दाणा पटकन पेटत नाही, पण एकदा पेटला की तेलकट पिवळ्या ज्योतीनं बराच वेळ जळतो. घरभर करपलेल्या चटणीचा वास. पारा चढला फक्त १४ अंश, म्हणजे १४ किलोज्यूलपैकी जेमतेम तीन पाण्याला मिळाले.

"बाकीचे अकरा?" लेक.

काही हवेत, काही वाटीत, असं मी सांगत होतो, तेवढ्यात आईनं वाटी उचलून उलटी केली. बूड काजळीनं काळंकुट्ट. न जळलेला कार्बन! मी आनंदानं बोट दाखवलं, "हे बघ, इथेही थोडे राहिलेत!"

"राहिलेत ना," आई म्हणाली, "मग घास आता तूच."