बाराबंदी शिवताना गेलेला हिवाळा

दिवाळीनंतर पंधरवड्यात हे गेले. सोलापूरकर धास्ती घेतात ती उन्हाळ्याची, पण मला ती थंडी जड गेली. सहा वाजता अंधार पडायचा, गल्लीतली दारं लागायची. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून मी दोन-दोन दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर काढायची.

मग पलीकडच्या अक्का पांढरं कापड घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा यंदा सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत पहिल्यांदा नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच मानाची काठी, धरणार होता. ती धरणारे बाराबंदी घालतात, बारा बंदांचा पांढरा अंगरखा. "काकू, बाराबंदी तुम्हीच शिवायची."

मशीनवरचं फडकं मी दिवाळीपासून काढलंच नव्हतं. सुरुवात बंदांपासून केली. अरुंद पट्टी दुमडून शिवायची, मोठ्या सुईनं उलटवायची, टोक बोटानं दाबून बाहेर काढायचं. असे बारा. सहाव्या बंदाशी लक्षात आलं, तासभर मला रडू आलं नव्हतं.

एकाचं बघून आणखी तिघं आले. रात्री नंदीध्वजाचा सराव संपला की मापाला यायचे, त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवावं लागायचं. दूध जास्त घ्यायला लागले, मग भाजीला बाहेर पडले. पहाटे अक्का हाक मारायच्या, दोघी सिद्धेश्वर तलावाला फेरी घालायचो. त्या घरचं सगळं सांगायच्या, मी नुसती ऐकायची. तेवढं पुरायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र एका घरातून आलं नाही. तीस वर्षं त्याच घरी मी वाण घेतलं होतं. फार लागलं. अजून लागतं. ही रीत मोडायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जायचं माझ्या मनात नव्हतं. कुंभारकन्येचं सिद्धरामांच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या, योगदंडाशी लग्न. लग्नात आपण कुठे उभं राहायचं? अक्कांनी ऐकलं नाही. हा सोहळा होतो त्या संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. सातही नंदीध्वज आले. कुणीतरी माझ्या ओंजळीत अक्षता ओतल्या, माझ्या कपाळाकडे न बघता. सगळ्यांबरोबर मीही टाकल्या. गर्दीत आमची पोरं शोधत होते, पांढऱ्या कपड्यांत सगळी सारखीच दिसत होती.

यात्रेतल्या अडुसष्ट शिवलिंगांच्या प्रदक्षिणेत अक्कांच्या मुलाचा एक बंद तुटला होता. अक्षतांच्या दुसऱ्या दिवशी तो बाराबंदी घेऊन आला. मी त्याला आधी जेवायला बसवलं.